आमच्या घरी पेट्रोलची करवत येते

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यायचा असो की शिलाईचं मशीन, घरात आपलं मत विचारलं जातं. पण लाकूड कापायच्या पेट्रोलच्या करवतीबद्दल बायकोला कोण विचारणार? मलाही कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू, मीही लक्ष घातलं नाही. “पुरुषांचं काम” म्हणून सोडून दिलं. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आम्ही गोंदियात राहतो. मी सकाळचे दोन तास एका शाळेत मराठी शिकवते, उरलेला दिवस घराचा. शेत गोरेगाव तालुक्यात. धानाच्या बांध्या आणि धुऱ्यावर सासऱ्यांच्या वेळच्या बाभळी. गेल्या मे महिन्यात वादळ आलं. एक बाभूळ गोठ्यावर कोसळली, दुसरी धुऱ्यावर आडवी पडली. रोवणीच्या आत ती उचलायला हवी होती आणि कुऱ्हाडवाले मजूर काही मिळेनात. आमच्या ह्यांनी मोबाईलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली आणि तिसऱ्या दिवशी खोकं घेऊनच घरी आले.

“काऊन आणलं बाप्पा हे?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मोठ्या कंपनीची लहान मशीन वीस हजाराला, आणि ही दुप्पट ताकदीची सात हजारात! वर धंदेवाल्यांसाठीची आहे, खोक्यावरच लिहिलंय.”

आपण आठशेची साडी दोनशेला मिळाली तर आधी पदर उलटून पाहतो. पण ह्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी गप्प बसले.

शेतावर हे आणि भाऊजी मशीन चालवू लागले. आमचा अकरा वर्षांचा मुलगा फांदी धरून उभा. मी सावलीत डबे उघडत होते. तेवढ्यात मशीनचा आवाज एकदम बदलला. भाऊजींच्या हातातलं पातं वर उसळून त्यांच्या तोंडाकडे आलं. ते मागे पडले म्हणून वाचले. खांद्यावरचा सदरा टरकन फाटला होता, आणि पडलेल्या मशीनची साखळी तशीच फिरत होती. मुलगा दोन हातांवर उभा होता. माझ्या हातातली भाजी कधी सांडली, मला कळलंच नाही.

त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. रात्री मी एवढंच म्हटलं, “आधी समजून घेऊ, मग काय ते करा.”

दुसऱ्या दिवशी ज्यांचा हा रोजचा धंदा आहे अशा एका काकांना बोलावलं. लाकूडतोडीत त्यांची तीस वर्षं गेली. पूर्वी दोघांनी ओढायची करवत, आता मोठी मशीन. त्यांनी आमची मशीन हातात घेतली, सुरू केली, रेस सोडली. साखळी थांबेना. “ही इथंच नापास,” ते म्हणाले. “रेस सोडली की साखळी उभी राहिली पाहिजे. आणि पुढचा हा दांडा ढकलला की ब्रेक लागून क्षणात थांबली पाहिजे. हिचा ब्रेक नावापुरताच आहे.”

पातं उसळतं कसं, तेही त्यांनी दाखवलं. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की फिरती साखळी तिथं अडते आणि सगळा जोर उलटून पातं चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास. आपण “अरे” म्हणेपर्यंत सारं होऊन जातं. भाऊजींच्या पात्याचं टोक मागच्या फांदीला लागलं होतं.

“मग तुमच्यासारखी मोठीच घेऊ,” हे म्हणाले. काका हसले. “साहेब, वर्षातून किती दिवस कापणार?” ह्यांनी बोटं मोजली. चार, फार तर पाच दिवस!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हा तर आपला मिक्सरच! घरचा मिक्सर काही मिनिटं चालवायचा, थांबायचा, गार होऊ द्यायचा. मसाला कांडपवाल्याचं यंत्र दिवसभर धडधडतं. म्हणून काय आपण रोजच्या चटणीसाठी कांडपयंत्र आणतो?

घरगुती करवतीचं इंजिन साधारण तीस-पस्तीस सीसीचं, वजन पात्याशिवाय चार किलोच्या आसपास, पातं चौदा-सोळा इंचांचं. तिच्या बांधणीत प्लॅस्टिक जास्त. तासन्‌तास राबवली तर ती लवकर झिजते, पण पडलेली बाभूळ नि सरपण यांना पुरून उरते. धंद्याच्या करवतीचं इंजिन पन्नास-साठ सीसीचं किंवा त्याहून मोठं, आतली पेटी मॅग्नेशियमसारख्या हलक्या पण टणक धातूची, हाताला हादरे कमी. ती रोज राबवण्यासाठी असते आणि तिचा एकेक भाग बदलता येतो. पण ती जड असते, किंमत दुप्पट-तिप्पट, आणि तिचा जोर नवख्याला आवरत नाही. आमची स्वस्तातली मशीन या दोन्हींत बसत नव्हती. आकडा धंद्याच्या मशीनचा आणि ब्रेक खेळण्यातला. नुसत्या सीसीच्या आकड्यावर मशीनची पारख होत नाही, हे सात हजार मोजून आम्ही शिकलो.

एक गंमत वाचनात आली. अशा साखळीच्या करवतीची कल्पना आधी जंगलात नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत निघाली! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी केली. अडलेल्या बाळंतपणात ती वापरत. झाडांसाठीची विजेवरची करवत पुढे १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी आणली. वाचताना अंगावर काटा आला. म्हटलं, म्हणजे हा विषय आपलाही आहे तर!

शेवटी आम्ही लहान, घरगुती, पण चांगल्या कंपनीची मशीन घेतली. मोठीवर जे पैसे गेले असते, त्यातून जाळीचं शिरस्त्राण, कानाची झाकणं, पोलादी टोकाचे बूट आणि साखळी अडवणारी जाड विजार आणली. विजारीच्या किमतीवर हे कुरकुरले. मी भाऊजींचा फाटका सदरा पुढे ठेवला. पुन्हा बोलले नाहीत. जाड बुंधा आला की काकांनाच बोलवायचं, हेही ठरलं.

तुमच्या घरी असं खोकं येणार असेल, तर एवढं जरूर पाहा. दुकानातच सुरू करून ब्रेक तपासा. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या गावात होते का, ते विचारा. मशीन नेहमी दोन्ही हातांनी धरायची, खांद्याच्या वर कधीच न्यायची नाही, आणि एकट्यानं कापायला जायचं नाही. मुलं जवळपास नकोत. भुशाकडे लक्ष ठेवा: खोबऱ्याच्या किसासारखा पडला तर साखळीला धार आहे, पिठासारखा पडला तर धार गेली. बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि तिथंच घात होतो.

आणि उभं झाड तोडण्याआधी कायदा विचारा. १९६४ च्या कायद्यानुसार साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन अशी ठरलेली झाडं आपल्या स्वतःच्या शेतातलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे.

पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचं काम आता माझ्याकडे आहे. आमच्या मशीनला एक लिटरला वीस मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. मुलाच्या औषधाच्या जुन्या मापानं मी मोजून देते. माप माझ्या कपाटात असतं, त्यामुळे मला सांगितल्याशिवाय मशीन शेतावर जात नाही. परवा हे म्हणाले, “आता मापही मागून घ्यायचं का?”

“हो,” मी म्हटलं, “आणि विजार घातली की नाही, तेही दाखवून जायचं.”