पायाला हात लावण्याआधी

म्हसवड

चि. सोनू,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आत्या, नोंदी कसल्या ठेवायच्या, सगळी आपलीच माणसं येतात." माझी झोप उडाली ना! आपली माणसं आहेत म्हणूनच लिहायचं, बाळा. परक्याला निदान चार गोष्टी विचारतो. आपल्या माणसाचं सगळं ठाऊकच आहे असं धरून चालतो.

दहिवडीत गाळा घेतलास, स्वतःच्या कमाईवर उभी राहिलीस, याचा मला अभिमान आहे. तळव्याला काशाची वाटी घासणं आपल्याकडे जुनंच. तळव्याचे ठिपके दाबायची तुझी रिफ्लेक्सॉलॉजी त्या मानानं कालची. अमेरिकेत फिट्झगेराल्ड डॉक्टरांचं पुस्तक १९१७ चं, युनिस इंगहॅमबाईंचं १९३८ चं. तळवे दाबल्यावर माणूस सैलावतो, त्याला बरं वाटतं, हे मान्य. पण तळव्याचा ठिपका दुखला म्हणून आतला रोग ओळखता येतो, असं सिद्ध झालेलं नाही. तू त्या शेजारणीला "किडनी कमजोर दिसते" म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. ती बाई आता धास्तावेल, नाहीतर चालू गोळ्या सोडून देईल. पुन्हा असं बोलू नकोस.

ॲक्युपंक्चरसाठी आपल्या राज्यात २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे. तुझ्या कामाला तसं विचारणारं कुणी नाही, म्हणून तर मला जास्त काळजी. डॉक्टरांना २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपावे लागतात, मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. तूही तेवढी वर्षं जप, आणि कुलपात जप. कुणाच्या पायाला काय झालंय, हे बाजाराच्या दिवशी चर्चेला येता कामा नये.

वहीत काय लिहायचं? नाव, वय, तारीख हे आलंच. साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, हे पायाला हात लावायच्या आधी विचार. दोन्ही तळवे उजेडात बघ. जखम, भेग, कुरूप दिसलं तर कुठल्या पायाला ते लिही. साखरेच्या माणसाला तळव्याची जाणीव कमी असू शकते. मग तू किती जोरात दाबतेस ते त्याला कळतच नाही, गरम पाण्यानं भाजलं तरी कळत नाही. बधिर चट्टा दिसला तर तेल लावत बसू नकोस, सरकारी दवाखान्यात पाठव; कुष्ठरोगाची सुरुवात अशीही होते. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात दारोदार फिरताना आम्ही हेच शोधायचो. शेवटी, काय केलंस, त्यांना काय वाटलं, घरी काय सांगितलंस, हेही लिही. पुढच्या खेपेला आठवणीवर विसंबू नकोस.

लिहायला वेळ नाही, असं मला सांगू नकोस. इथल्या बायकांच्या बँकेचा परवान्याचा अर्ज आधी फेटाळला गेला, कारण प्रवर्तकांत निरक्षर बाया होत्या. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेसमोर गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. दिवसभर राबून त्यांनी पाटी हातात घेतली. तू तर पदवीधर!

आता ज्यासाठी रात्रीच लिहायला बसले ते. मुंबईहून रात्रभर गाडीत बसून आलेल्या काकूंची पोटरी सुजली होती, तू चांगली रगडून दिलीस, असं कौतुकानं सांगितलंस. एकाच पायाची सूज, गरम लागणारी, दुखणारी पोटरी म्हणजे आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नसते. सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सूज एका पायाला होती की दोन्ही? पोटरी गरम होती का? वहीत असतं तर तुला विचारावं लागलं नसतं. पत्र मिळायची वाट बघणार नाही, सकाळी फोन करतेच. तेव्हाही हेच सांगेन: लगेच काकूंना घेऊन डॉक्टरांकडे जा. दम लागतोय किंवा छातीत दुखतंय म्हणाल्या तर एकशे आठला फोन कर.

तुझी,
आत्या