'नंतर सांगते' हे वाक्य घरी ठेवा!

रात्रीचे अडीच. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली आमची स्लीपर बस एका ढाब्यावर थांबते. लाइट लागतात, क्लीनर दारातून काहीतरी ओरडतो आणि अर्धी बस डोळे चोळत खाली उतरते. अर्धवट झोपेतही आपल्याला ऐकू आलेलं असतं, 'वीस मिनिटं, वीस मिनिटं!' मग चहा, टॉयलेट आणि जमलंच तर एक ऑम्लेट. सिम्पल!

आता हाच सीन म्यूट करून बघा. बस का थांबलीय? ढाबा आहे की टायर पंक्चर? थांबणार किती वेळ? आणि खाली उतरल्यावर ती निघून गेली तर? हॉर्न तर ऐकू येणारच नाही.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, याच भीतीने रात्रीच्या बसमध्ये पाणीच पीत नाही. उतरायची वेळच यायला नको! हे मला कळलं गेल्या हिवाळ्यात, आमच्या अजिंठ्याच्या ट्रिपला. त्याआधी आम्ही लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी एकत्र घालवली होती, बोला!

ताई जन्मापासून कर्णबधिर. हिअरिंग एड लावते, ओठ वाचते, स्वतः मराठीत झकास बोलते आणि तिच्या कर्णबधिर दोस्तांमध्ये साइन लँग्वेजमधून तासन् तास गप्पा हाणते. लोकांना वाटतं, मशीन लावलं की झालं. पण मशीनमधून आवाज येतो, शब्द येतीलच असं नाही. आणि ओठ वाचणं म्हणजे सबटायटल्स वाचणं नव्हे. आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता बाबा, मामा, पापा म्हणा. दिसला काही फरक?

तर झालं असं, की दिवाळीत सगळ्या भावंडांचा अजिंठ्याचा बेत ठरत होता आणि ताई म्हणाली, 'मी नाही येत.' मी कारण विचारलं. 'तिथे गाइड बोलणार, तुम्ही हसणार. मी विचारणार, काय झालं? तू म्हणणार, नंतर सांगते. तुझं ते नंतर अजून आलेलं नाहीये.'

सॉलिड लागलं मला ते. कारण खरं होतं.

मग ठरलं, बाकीचे जाऊ देत, आधी आपण दोघीच जायचं. नियम ताईचे.

नऊ डायल करा!

पहिली परीक्षा हॉटेलात. रिसेप्शनवरचा मुलगा हसतमुखाने म्हणाला, 'काही लागलं तर नऊ डायल करा मॅडम.' ताईने शांतपणे मोबाइल पुढे केला. त्यावर टाइप केलेलं होतं, 'मला ऐकू येत नाही. दार वाजवलं तर मी उघडणार नाही. मेसेज करा. आग वगैरे लागली तर कुणीतरी चावी घेऊन प्रत्यक्ष वर या.' पोरगं आधी गडबडलं. मग त्याने तो मजकूर रजिस्टरमध्ये रूम नंबरसमोर लिहून घेतला आणि स्वतःचा नंबर दिला. खर्च शून्य रुपये.

माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. अपंगांसाठी सोय म्हटलं की आपल्याला रॅम्प आठवतो, लिफ्ट आठवते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे या दोन्ही गटांची स्वतंत्र नोंद आहे. पण त्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोय करायचं सुचतच नाही. खरं तर त्यांची मागणी अगदी साधी आहे. जी माहिती कानांना देता, ती डोळ्यांनाही द्या. बस्स.

पहाटे पाचला माझा पलंग थरथरला. भूकंप समजून मी ताडकन उठले. ताईचं उशीखालचं व्हायब्रेटिंग अलार्म घड्याळ झोपेत माझ्याकडे सरकलं होतं!

अंधारात गाइडची पाठ

शहरापासून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडायची आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात कोरलेल्या तीस लेणी. १९८३ साली अजिंठा जागतिक वारसा यादीत गेलं. योगायोग म्हणजे त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

पहिल्या लेणीत शिरलो. चित्रं जपायची म्हणून आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला. गाइडकाका पद्मपाणीच्या चित्राकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून रंगात आले होते. त्यांनी काहीतरी विनोद केला, शेजारचं कुटुंब हसलं, मीही हसले. ताईने माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? 'नंतर सां...'

अर्ध्यात थांबले. पण ओठ वाचणाऱ्या माणसासमोर अर्धं वाक्यही पुरतं. ताई वळून सरळ बाहेर गेली.

मी मागे गेले, गाइडकाकाही आले. ताई त्यांना म्हणाली, 'काका, आत अंधारात तुमचं तोंड दिसत नाही. आणि दिसलं तरी मी तोंड बघू की चित्र? माझे डोळे दोनच आहेत.' काकांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, 'मग असं करू. आधी बाहेर उन्हात सगळं सांगतो. आत गेल्यावर मी गप्प. फक्त टॉर्च दाखवणार.'

आणि पुढचा दिवस बदलूनच गेला. ओसरीत उजेडाकडे तोंड करून ते सावकाश सांगायचे. नावं आणि सालं ताईच्या वहीत लिहून द्यायचे. मग आत नुसती शांतता. पहिल्या लेणीत आम्ही पुन्हा गेलो. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर काकांनी आधी एका बाजूने प्रकाश टाकला, मग दुसऱ्या बाजूने, मग समोरून. बाहेर त्यांनी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. ताई ताबडतोब म्हणाली, 'चेहरा बदलतोय! आधी गंभीर होता, मग हसला, आता ध्यानात गेला.' मला काकांनी टॉर्च दुसऱ्यांदा फिरवल्यावर दिसलं.

सव्विसाव्या लेणीत महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे. सुमारे सात मीटर लांब पहुडलेले बुद्ध आणि खाली शोक करणारे शिष्य. ताई तिथे बराच वेळ एकेका चेहऱ्यापाशी थांबत गेली. मी मध्ये बोलले नाही. काय बघतेस, हेही विचारलं नाही. तिने नंतर आपणहून सांगितलं. तिचं 'नंतर' दहा मिनिटांत आलं!

परतीच्या बसमध्ये चढतानाच ताईने क्लीनरला मोबाइल दाखवला. रात्री ढाबा आला. क्लीनर दारात ओरडला आणि मग आमच्या बर्थपर्यंत येऊन दोन्ही पंजे दोनदा उघडून दाखवले. वीस मिनिटं. ताई उतरली. तिने दोन कप चहा प्यायला, वर अख्खी बाटली पाणी.

तुमच्या ग्रुपमध्ये कर्णबधिर मित्र-मैत्रीण असेल तर...

- बोलताना तोंड त्यांच्याकडे आणि उजेडात ठेवा. ओरडू नका, ओठ आणखी वेडेवाकडे दिसतात.
- वेळ, प्लॅटफॉर्म, भेटायची जागा हे तोंडी नाही, मेसेजवर सांगा.
- फोनवर बोलणं लिहून दाखवणारं ॲप घ्या. रेंज गेली तर? वही-पेन हवंच.
- गाइड, ड्रायव्हर, हॉटेल यांना आधीच कल्पना द्या. पण कसं सांगायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.
- विनोद झाला तर तेव्हाच सांगा. फालतू असला तरी. फालतू आहे की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांनाही आहे!