अक्षहृदय

चौतीस वर्षे ज्याने दुसऱ्यांचे पैसे मोजले, त्या माणसाच्या बोटांना नोटेची स्वतःची अशी एक आठवण असते. इंदूरच्या रामबागेतल्या त्या निवृत्त रोखपालाची बोटे अशीच होती. ओल्या स्पंजावर अंगठा टेकवून तो शंभराची गड्डी न पाहता मोजी. नोट कोरी की घामट, खरी की खोटी, हे डोळ्यांआधी बोटांना कळे. दिवसअखेर रोकडीचा ताळा जमल्याशिवाय घरी जायचे नाही, हा बँकेचा नियम त्याचा स्वभावच होऊन बसला होता. घरचा जमाखर्चही एका लांबट वहीत रोज लिहिला जाई. पूर्वी ती वही पत्नी लिहीत असे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हापासून लेखणी त्याच्या हाती आली, आणि रात्रीच्या जेवणानंतर दिवसाचा खर्च तिला वाचून दाखवायचा असा परिपाठ पडला.

अशा माणसाने जुगार खेळावा, यात नवल वाटावे असे फारसे काही नाही. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतातच. त्या दिवशी शिवपार्वती सारीपाट खेळली आणि शंकर हरले अशी कथा आहे, आणि वेरूळच्या लेण्यांत तो खेळ दगडात कोरलेलाही आहे. त्याच्या घरी पाडव्याला कवड्या निघत. पणाला लागे चार आण्यांचे नाणे, आणि हरलेले नाणे घरातच राही. २०२३ च्या पावसाळ्यात क्रिकेटचा सामना पाहताना दिसलेल्या एका जाहिरातीवरून त्याने मोबाइलवर कॅसिनोचे दार उघडले, तेव्हा त्याच्या मनात पाडव्याहून निराळे काही नव्हते.

पहिल्या रात्री त्याने पाचशे रुपये भरले. पडद्यावर रुलेटचे चक्र फिरू लागले. पत्नीची जन्मतारीख सतरा. त्या आकड्यावर त्याने पन्नास रुपये ठेवले आणि चेंडू नेमका तिथेच विसावला. पस्तीसपट! कोपऱ्यातला आकडा एका क्षणात १,७५० रुपयांनी वाढला. त्याला आनंद झाला, पण त्या आनंदात काहीतरी उणे होते. बोटांना काहीच लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने हजार रुपये काढून घेतले, ते विनातक्रार खात्यात जमा झाले, आणि घात झाला तो इथेच. बँकेतल्या माणसाचा विश्वास पैसे भरल्याने बसत नाही, परत मिळाल्याने बसतो.

पुढच्या खेपेस त्याने पाच हजार भरले, तेव्हा कॅसिनोने आपल्याकडून पाच हजार बक्षीस म्हणून घातले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत तो रोज पत्नी निजल्यावर खेळू लागला. मांडवीवरच्या कॅसिनो-बोटीत जायचे म्हणजे धक्क्यावर उभे राहावे लागते, पैसे देऊन चकत्या घ्याव्या लागतात, चार माणसांच्या नजरा सोसाव्या लागतात, आणि शेवटी पुन्हा धक्क्यावर उतरावेच लागते. हाताच्या तळव्यावरच्या या खेळाला धक्काच नव्हता. शेजारी बसून सुस्कारा टाकणारा कोणी नव्हता. ‘आता पुरे’ म्हणून पट आवरणारा कोणी नव्हता. आवाजसुद्धा त्याने बंद करून ठेवला होता, पत्नीची झोप मोडू नये म्हणून!

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. पैसे भरण्यासाठी जो चौकोनी संकेत येई, त्यामागच्या खातेदाराचे नाव दर वेळी निराळे असे. कॅसिनोचा परवाना कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावरचा, आणि पैसे जायचे ते कुठल्याशा अनोळखी इसमाच्या खात्यात. नोकरीत असता असा व्यवहार त्याने तिथल्या तिथे वरिष्ठांपुढे नेऊन ठेवला असता. आता त्याने तो पाहिला, ओळखला आणि पुढचे बटण दाबले. गमावलेल्या रकमेपेक्षा या एका क्षणाची टोचणी त्याला पुढे अधिक दिवस पुरली.

मग एका रात्री पावसात वीज गेली, मोबाइलही विझला. त्याने मेणबत्ती लावली आणि सवयीने वहीचे शेवटचे पान उघडले. चक्रात शून्य ते छत्तीस अशी सदतीस घरे. सदतीस वेळा एकेक रुपया लावला, तर सरासरीने छत्तीसच हाती परत येतात; म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरांतून सुमारे २ रुपये ७० पैसे मालकाचे. एवढी कसर तर सराफही घेतो! पण ही कसर भरलेल्या पैशांवर नव्हती, प्रत्येक फेरीवर होती. मिनिटाला चार फेऱ्या, फेरीला शंभर रुपये. तासाची उलाढाल २४,००० आणि तूट सुमारे ६४९. नंतर त्याने बक्षिसाच्या अटी आठवल्या. पाच हजारांचे बक्षीस मोकळे होण्यासाठी त्याच्या पस्तीसपट, म्हणजे १,७५,००० रुपयांच्या पैजा लावायच्या. त्यांवरची सरासरी तूट ४,७३०. बक्षीस जवळजवळ तिथेच संपले. आणि बारीक अक्षरांत असेही होते की रुलेटवरची पैज दहाव्या हिश्श्यानेच धरली जाईल. मग पैजा साडेसतरा लाखांच्या, आणि तूट ४७,२९७. त्याची स्वतःची तूट ४१,३०० होती. नशीब म्हणून ज्याच्याशी तो तीन आठवडे रात्रीरात्री झुंजला, तो एक साधा भागाकार होता.

महाभारतातल्या नलाने भाऊ पुष्कर याच्याशी खेळताना राज्य घालवले. पुढे वनवाटेवर ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे पाहता पाहता मोजून दाखवली आणि त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवले. बेहड्याच्याच फळांचे फासे वेदकाळी खेळत. मोजणे आले त्या घटकेस नलाच्या अंगातून कली निघाला. नलाने मात्र परत जाऊन राज्य जिंकले. समोर पुष्कर होता, त्यालाही हरता येत होते. रोखपालासमोर कोणीच नव्हते. त्याला लाभलेल्या अक्षहृदयाचा उपयोग एवढाच, की वीज आल्यावर त्याने मोबाइल पेटवला नाही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने संमत केला. ती बातमी त्याने वर्तमानपत्रात दोनदा वाचली म्हणतात. पण त्याचा स्वतःचा हिशेब त्याआधी, त्या पावसाळी रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी झाला होता.

गेलेले पैसे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुदतठेव मोडून बाजूला ठेवलेले होते. तीन आठवडे तो वही वाचत होता, आणि दूध, भाजी, वाणी एवढेच वाचत होता. त्या संध्याकाळी त्याने नावे बाजूला तारखेनिशी एक ओळ लिहिली.

जेवणे झाली. “अहो, आजचं वाचता ना?” ती म्हणाली. त्याने दूध वाचले, कोथिंबीर वाचली, विजेचे बिल वाचले. मग तो त्या ओळीशी आला आणि आकडा वाचला. ती चष्मा पदराने पुसत होती, ती थांबली.

“किती म्हणालात?”

त्याने पुन्हा वाचले. या वेळी अक्षरी, चेकवर लिहितात तसे. रुपये एक्केचाळीस हजार तीनशे फक्त.