चाकांवरचं घर आणि वहीतला तिसरा रकाना

मैत्रिणींनो, परदेशची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मोठी बस, झेंडी घेऊन पुढे चालणारा मार्गदर्शक आणि ‘दहा मिनिटांत परत या हं’ ही ताकीद. पण आणखीही एक तऱ्हा आहे. मोटारहोम भाड्याने घ्यायचं आणि आपलं आपण हिंडायचं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. निजायला पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, धुवायचं बेसिन, शिवाय न्हाणीघर आणि संडाससुद्धा! गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं न्यूझीलंडला असे बारा दिवस फिरलो. हे, मी, अकरावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. “खर्च किती आला गं?” असं इतक्या जणींनी विचारलं, की म्हटलं वहीच उघडून दाखवावी.

आधी पैसा कुठून आला ते सांगते. कर्ज काढून सहल करायची नाही, हे आमच्याकडे पहिल्यापासून ठरलेलं. तीन वर्षं दरमहा वीस हजारांची आवर्ती ठेव केली. त्यातले चौदा हजार ह्यांच्या पगारातले आणि सहा हजार माझ्या शिकवण्यांचे. व्याज धरून साडेसात लाखांच्या वर रक्कम जमली. तेवढंच अंथरूण, आणि तेवढेच पाय.

आता हिशेब बघा. आकडे आमच्या वहीतले आहेत. तुम्ही निघाल तेव्हा नवे भाव काढा. न्यूझीलंडचा एक डॉलर आम्ही ५० रुपये धरला होता.

चार जणांच्या गाडीचं भाडं दिवसाला १५० डॉलर, म्हणजे बारा दिवसांचे १,८०० डॉलर. अपघात झाला तर आपल्याला काही भरावं लागू नये म्हणून जादा विमा, दिवसाला ५० प्रमाणे ६००. दीड हजार किलोमीटरसाठी डिझेल ४००. तिथे डिझेलच्या गाडीला किलोमीटरवर रस्ता-आकारही द्यावा लागतो, त्याचे १३५. वीज मिळणाऱ्या तळावर अकरा रात्री गाडी उभी करायचे ८० प्रमाणे ८८०. आणि वाणसामान दिवसाला ६० प्रमाणे ७२०. एकूण ४,५३५ डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांहून थोडे जास्त. विमानाची चार तिकिटं, व्हिसा, प्रवास-विमा आणि बोटीतून वगैरे फिरणं हे सगळं निराळं. तिकिटांनीच साडेतीन लाख खाल्ले!

तुमचे पैसे वाचतील अशा चार गोष्टी सांगते. न्यूझीलंडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो आणि तेव्हा भाडी कडाडलेली असतात. आपल्या मुलांची सुट्टी मे महिन्यात, म्हणजे तिथल्या शरदात. नागपुरात कूलरपुढून हलवत नाही अशा दिवसांत तिकडे भाडी उतरलेली असतात. मात्र पाचच्या सुमारास अंधारतं. म्हणून दिवसाला दोनशे किलोमीटरांच्या वर जायचं नाही असं आम्ही ठरवलं. रात्री थंडी कडक असते, तेव्हा विजेच्या तळाचे पैसे वाचवू नका. गाडीतला विजेचा हीटर त्याशिवाय चालत नाही. फुकट दिसलं म्हणून कुठेही गाडी लावून निजायचं नाही. त्याचे तिथे कायदे आहेत आणि दंड जबर आहे.

दुसरं, गाडी देताना कंपनी क्रेडिट कार्डावर अनामत अडकवते. जादा विमा नसेल तर ती काही हजार डॉलर असते. तेवढी मर्यादा कार्डाला आहे ना, ते आधी पाहा. कार्डाने परदेशी पैसे दिले की बँक वर आपला आकार लावते, तोही वहीत धरा. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस भरावा लागतो. तो बुडत नाही, आयकराचं विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्यानेच विवरणपत्र भरायचं असतं. पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर हे ध्यानात ठेवा.

तिसरं, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. तरी आरटीओतून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवलेला बरा.

चौथं, खाऊचं. विमानतळावर उतरल्यावर जवळचा खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहायचा. लिहिलात तर फार तर एखादी पुडी काढून घेतात. लपवलात तर जागेवर ४०० डॉलर दंड, म्हणजे आपले वीस हजार! तूप, मध, बिया घरीच ठेवा. डाळ-तांदूळ तिथल्या भारतीय दुकानात मिळतात. मी फक्त छोटा कुकर नेला. त्याने गॅसही वाचला आणि वेळही.

आणि हो, पैसे भरण्याआधी गच्चीवर खडूने तेवीस फूट लांब आणि सात फूट रुंद चौकोन आखा आणि चौघं जण त्यात तासभर बसा. मुलीने पाचव्या मिनिटाला भावाला ढकललं! त्यावरूनच कोण कुठे निजणार हे आम्ही घरी ठरवून टाकलं. जायच्या आधी इथेच एखादी रात्र अशा गाडीत काढता आली तर फारच छान. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे.

आता मुख्य गोष्ट. हिशेब मांडताना हे खुशीत म्हणाले, “बाहेर जेवलो तर चौघांना दिवसाचे दोनशे डॉलर लागतील. गाडीत साठात भागतंय. बारा दिवसांत चौऱ्याऐंशी हजार वाचले बघ!”

मी म्हटलं, “अहो, वाचले खरे. पण कुणाच्या हातांनी?”

मैत्रिणींनो, ही बचत आकाशातून पडत नाही. जरीपटक्याच्या ओट्यापाशी उभं राहायचं ते तळ्याकाठच्या ओट्यापाशी, एवढाच फरक व्हायचा असेल तर सहल तिघांची, आणि चौथीची नुसती बदली! सहा हजार दरमहा मीही टाकत होतेच की.

शेजारच्या सिंधी अम्मांना मी हे सांगितलं. आमचा जरीपटका फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवला. अम्मांचं बालपण तशा छावणीतलं. त्या म्हणाल्या, “घर पाठीवर होतं तेव्हासुद्धा चूल माझ्या आईचीच होती, बेटा. तू तरी आधी बोलून घे.”

म्हणून वहीत मी तिसरा रकाना आखला. पहिल्यात काय, दुसऱ्यात किती आणि तिसऱ्यात कोण. बारा रात्रींपैकी चार माझ्या, चार ह्यांच्या आणि मुलाच्या, चार बाहेर. भांडी मुलीकडे, संडासाची टाकी तळावर नेऊन रिकामी करायचं काम ह्यांच्याकडे. चार बाहेरच्या जेवणांचे ४८० डॉलर वाढले. हे कुरकुरले. मी म्हटलं, “आपण उत्तर बेटच सोडू.” दोन बेटांमधल्या साडेतीन तासांच्या बोटीला गाडीसकट साडेचारशे डॉलर सांगितले होते. ते वाचले आणि जवळजवळ तोंडमिळवणी झाली. सासूबाई आधी म्हणाल्या, “जन्मात चहा केला नाही त्याने!” मग त्यांनीच लेकाला महिनाभर खिचडी शिकवली.

क्राइस्टचर्चहून निघून टेकापो, वानाका, क्वीन्सटाउन करून परत. टेकापोच्या निळ्या तळ्याकाठी ह्यांची खिचडी थोडी लागली होती. मुलांनी नावं ठेवली, मी मात्र दोनदा घेतली. आयती होती ना!

परत आल्यावर हिशेब जुळवला, तर वाणसामानाचे तीस डॉलर उरले होते आणि डिझेलला चाळीस जास्त गेले होते. म्हणजे अंदाज बरा होता. तिसऱ्या रकान्यातली एक रात्र मात्र बदलली. पावसाने ह्यांचं अंग मोडून आलं, तेव्हा मी केलं. त्याच्या बदल्यात इथे घरी एका रविवारचा स्वयंपाक वसूल केला. हिशेब म्हणजे हिशेब!

न्यूझीलंड राहू द्या, तुम्ही चिखलदऱ्याला खोली घेऊन चार दिवस जाणार असाल, तरी निघण्याआधी वहीत हा रकाना आखा. पैसे पुन्हा साठवता येतात, पण सुट्टीचे दिवस मोजकेच असतात. त्यात आपलाही वाटा लिहून ठेवायला काय हरकत आहे? बघा, पटतंय का!