वाफ्याला लाकूड कोणतं?

पाऊस सरला की संभाजीनगरात परसबागांची कामं निघतात आणि गादीवाफा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न लाकडाचा येतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फुगताना ती फळीला आतून रेटते, कोपऱ्यातले खिळे उपसून काढते. शिवाय खालून वाळवी चढते. वाफ्याचं लाकूड या दोन्हींना पुरून उरलं पाहिजे.

सागवान म्हटलं की लोक निश्चिंत होतात. पण सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीलगतच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसतं, ते आधी पोखरलं जातं. कोवळ्या झाडाच्या फळीत हा पांढरा भागच जास्त. म्हणून वखारीत फळीचं टोक ओलं करून बघावं. गाभा सोनेरी-तपकिरी उठून दिसतो आणि ताज्या कापाला कातड्यासारखा वास येतो. त्या वासाची फळी महाग पडली तरी घ्यावी.

त्याहून चांगलं म्हणजे जुनं सागवान. शहरातले वाडे पडतात तेव्हा तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या विकायला निघतात. असं लाकूड मिळत असेल तर मी नवं घेऊ देत नाही. तैलरंग दिलेली दारं-खिडक्या मात्र नकोतच. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचे पोपडे पालकाच्या मुळाशी पडू द्यायचे नाहीत. रेल्वेचे जुने स्लीपरही घेऊ नयेत. त्यांत मुरवलेलं क्रिओसोट भाजीच्या मातीत उतरतं.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी पॅलेटं स्वस्त असतात, त्यामुळे मोह होतो. त्यांच्यावरचा ठसा वाचायला शिकावं. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते परत ठेवावं. ठसाच नसेल तर तेलाचे, रसायनांचे डाग बघावेत आणि शंका आली तर सोडून द्यावं. चांगलं पॅलेटही पाइनचं असेल तर जमिनीवर दोन-तीन पावसाळेच निघतात. तापवल्याने आतली कीड मरते, पण पुढे येणारी वाळवी त्याने थांबत नाही.

गच्चीवर वाळवीपेक्षा वजनाची चिंता मोठी. फूटभर ओल्या मातीचा भार चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातो, आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकातला वापराचा भार साधारण दीडशे किलो धरलेला असतो. तिथे नुसती माती भरायचीच नाही. उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि कंपोस्ट भरावं, माती नावापुरती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पाचोळ्यातून सुपीक माती घडवण्याची वाट फार आधी दाखवून ठेवली आहे. तरीही वाफे मांडण्याआधी इंजिनिअरला स्लॅब दाखवावा. अशा हलक्या भरावाला एचटी पॅलेटच्या फळ्या पुरतात, फक्त खाली विटा देऊन वाफा उचलून ठेवावा.

अंगणात मात्र माझं मत पक्कं आहे: लाकूड सोडा, दगड घ्या. आपण काळ्या पाषाणावरच राहतो. सिमेंट न लावता, आतल्या बाजूला किंचित कलता रचलेला दगडी वाफा मातीच्या फुगण्याबरोबर जरासा हलतो आणि पुन्हा बसतो. एखादा दगड निसटला तर हाताने परत लावता येतो. सांध्यांतून जादा पाणी निघून जातं, त्यामुळे मुळं कुजत नाहीत.

दगडाचा एकच जाच, तो तापतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडचा कठडा संध्याकाळी हात ठेववत नाही इतका पोळतो आणि त्याला लागून असलेली कोथिंबीर करपते. म्हणून त्या बाजूला फेब्रुवारीतच दोडका किंवा दुधी लावून वेल बाहेरच्या अंगाने दगडावर सोडावा, आणि पालेभाजी पूर्वेच्या कडेला घ्यावी.