आजोबांची टू-टू आणि आमचा इन्व्हर्टर

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जिला सगळे अडगळ म्हणतात आणि एकच माणूस 'माझी' म्हणतो? कुणाकडे शिवणयंत्र असेल, कुणाकडे जुनी स्कूटर. आमच्या लखनौच्या घरात ती एक रायफल होती. ती विकायला मीच लावली. आज त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

आजोबा मूळचे साताऱ्याचे. रेल्वेच्या नोकरीमुळे मानकनगरला आले आणि इथेच राहिले. नोकरीतल्या मित्रांमुळे त्यांना नेमबाजीचा नाद लागला. रीतसर लायसन्स काढून १९७८ मध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो कंपनीची पॉइंट टू-टू रायफल घेतली. घरात सगळे तिला 'टू-टू' म्हणत. आजोबांनी त्या रायफलीने कधी चिमणीही मारली नाही. रेंजवर जायचं, पुठ्ठ्यावरच्या कागदी चकतीवर नेम धरायचा आणि भोकं पडलेला कागद घडी करून आजीला दाखवायला आणायचा. आजी म्हणायची, "अहो, याची भाजी होते का?"

रायफल लाकडी पेटीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत आणि बोल्ट आजीच्या कपाटात, साड्यांखाली. बोल्टशिवाय रायफल चालत नाही, म्हणून आजी गमतीने म्हणायची, "अर्धी बंदूक माझी आहे."

दर रविवारी नाश्ता झाला की आजोबा वर्तमानपत्र पसरून बसत. फुलतरूच्या दोरीला फ्लॅनेलची चिंदी लावायची, ती नळीतून ओढायची, मग दुसरी चिंदी, शेवटी तेलाचा हलका हात. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत ते उठत नसत. तेलाचा तो वास म्हणजे माझ्या लहानपणीचा रविवार.

मी काय केलं

उत्तर प्रदेशात तेव्हा निवडणूक लागली की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात किंवा बंदुकांच्या दुकानात जमा करायला सांगत. जानेवारी २०२२ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. मी तेव्हा बीएला होते. आजोबा ७६ वर्षांचे. धुक्याच्या सकाळी आम्ही दोघं ई-रिक्षाने रायफल जमा करून आलो. मार्चमध्ये निकाल लागले आणि ती परत आणायची वेळ आली, तेव्हा मी म्हणाले, "आजोबा, परत आणायची कशाला? तिथेच विकून टाका ना."

त्यांनी चष्मा काढला. "तुला भीती वाटते का गं?"

"हो," मी म्हणाले. "घरात ताईचं बाळ आहे. रोज काय काय बातम्या येतात."

ते काही बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुकानात जाऊन कागदांवर सह्या केल्या. आलेल्या पैशांतून घरात इन्व्हर्टर आला. सगळे खूश झाले, कारण लखनौचा मे महिना पंख्याशिवाय काढणं काय असतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं.

आता खरं सांगते. मला भीती वाटत नव्हती. मला लाज वाटत होती. इथे बंदूक म्हटलं की लोकांना लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे आणि बंदूक घेऊन रील काढणारे आठवतात. असा हवेतला गोळीबार २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, तरी बातम्या येतच राहतात. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की ती पेटी दिसू नये, असं मला वाटायचं. लाज वाटते असं सांगता आलं नाही, म्हणून भीती वाटते म्हणाले.

१ ऑगस्टची दुपार

दोन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे खेळत होता. मराठी मुलगा, तोही रेल्वेत नोकरीला! आजोबा जेवण लवकर आटोपून टीव्हीसमोर बसले होते.

आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभं राहून. सुरुवातीला स्वप्नील मागे होता. मध्येच आमच्याकडची लाइट गेली, पण टीव्ही बंद पडला नाही. इन्व्हर्टर होता ना.

"ही पण टू-टूच," आजोबा म्हणाले. माझा विश्वास बसेना. पण खरंच, या स्पर्धेत पॉइंट टू-टू गोळीच वापरतात. रायफल अर्थातच फार वेगळी, फार आधुनिक. तरी गोळी तीच.

उभ्याने नेमबाजी सुरू झाली तेव्हा माझं लक्ष आजोबांकडे गेलं. त्यांचा डावा कोपर बरगडीला टेकला होता. उजव्या हाताचं पहिलं बोट हलकेच आत येत होतं. ते श्वास धरून बसले होते. स्वप्नीलने ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं, या प्रकारातलं भारताचं पहिलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या दुकानात गेले. मालकांना आजोबा आठवत होते. "बिटिया, वो तो कब की बिक गई," ते म्हणाले. १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे अशी ब्रनो आली की टिकत नाही. कुणी घेतली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमने अपने नाम क्यों नहीं करवा ली?"

मी घरी येऊन वाचलं. शस्त्र नियम, २०१६ नुसार लायसन्सधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाला स्वतः अर्ज करावा लागतो, पोलीस तपासणी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण वाट होती. आजोबा दोन्ही अटींत बसत होते.

मी विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं. फॉर्म पण आणून ठेवला होता, तुझ्यासाठी." मग अगदी सहज म्हणाले, "तू भीती वाटते म्हणालीस. मग कसं विचारणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. लाज वाटत होती, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या वयात मला माझ्या वडिलांच्या सायकलची वाटायची."

आता

प्रत्येक घरात बंदूक असावी, असं मी मुळीच म्हणत नाही. लहान मूल असेल, वापर नसेल, सांभाळणं जमत नसेल, तर विकणं शहाणपणाचंच. पण निर्णय घेण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याच्याशी एकदा नीट बोला आणि स्वतःचं खरं कारण सांगा. खोटं कारण दिलं की समोरचा माणूस त्यालाच खरं मानून आपलं मन मारतो.

महिन्यातून एकदा मी आजोबांना एअर रायफलच्या रेंजवर घेऊन जाते. दहा मीटरवरची एअर रायफल, तिथलीच. आजोबा स्टुलावर बसून नेम धरतात. "खेळणं आहे हे," असं दर वेळी म्हणतात आणि दर वेळी माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवतात. घरी आल्यावर भोकं पडलेला कागद घडी करून आजीला दाखवतात.

आजीच्या कपाटात साड्यांखालची बोल्टची जागा अजून रिकामी आहे. तिथे दुसरं काही ठेवायला ती तयार नाही.