कोलोंबोचा कोलोन कसा झाला? #थ्रेड

२ एप्रिल १५०२. चौथ्या सफरीवर निघण्यापूर्वी कोलंबसाने जेनोवातील सेंट जॉर्जच्या पेढीला पत्र लिहिले. पत्र जन्मगावी धाडलेले, भाषा मात्र स्पॅनिश!

याचाच आधार घेऊन ‘तो मुळी जेनोवाचा नव्हताच’ हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो. त्यात त्याचे नावही साक्षीला ओढले जाते. इटलीत क्रिस्तोफोरो कोलोंबो, स्पेनमध्ये क्रिस्तोबाल कोलोन. मग खरा कोणता?

हा प्रश्नच आजच्या पासपोर्टच्या काळातला आहे. तेव्हा माणसाने देश बदलला की नावही तिथल्या भाषेचा वेष घेई. त्याचा भाऊ बार्तोलोमेओ स्पेनमध्ये बार्तोलोमे झाला आणि धाकटा जाकोमो तर चक्क दिएगो! फ्लोरेन्सचा अमेरिगो वेस्पुची १५०५ मध्ये कॅस्टिलचा नागरिक झाला, १५०८ मध्ये तिथला मुख्य नाविक. तोही तिथे ‘आमेरिको’च.

हे इतके सहज घडे, कारण दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी. लॅटिन ‘ऑक्टो’ (आठ) इटालियनमध्ये ‘ओत्तो’, स्पॅनिशमध्ये ‘ओचो’. ‘नोक्टेम’ (रात्र) इकडे ‘नोत्ते’, तिकडे ‘नोचे’. इटालियनची रीत आपल्याला ओळखीची वाटावी: संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले, तसेच लॅटिन ‘सेप्टेम’चे तिथे ‘सेत्ते’. स्पॅनिशने आरंभीचा ‘फ’ अनेकदा गिळला, म्हणून इटालियन ‘फारिना’ (पीठ) तिथे ‘आरिना’. (साम्यावर फार विसंबू मात्र नये. ‘बुर्रो’ म्हणजे इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव.)

राहिला पत्राचा प्रश्न. कोलंबसाची मायबोली जेनोवी. ती आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या, तोस्कानी वळणाच्या इटालियनहून बरीच निराळी. १४७६ मध्ये तो पोर्तुगालला पोहोचला आणि पुढे कॅस्टिलमध्ये गेला. रामोन मेनेन्देस पिदाल या भाषापंडिताने त्याचे स्पॅनिश तपासले, तेव्हा त्यात पोर्तुगीजच्या खुणा आढळल्या. म्हणजे ती जन्मापासून बोललेली भाषा नव्हे, वाटेत कमावलेली होती. त्याच्या स्पॅनिश पत्रांवरून त्याला जन्माने स्पॅनिश ठरवणे म्हणूनच टिकत नाही.

नावाचा हा प्रवास उलटाही झाला. कोर्दोबात जन्मलेला त्याचा मुलगा एर्नान्दो कोलोन याने वडिलांचे चरित्र स्पॅनिशमध्ये लिहिले. ते हस्तलिखित हरवले. उरला तो १५७१ मध्ये व्हेनिसला छापलेला इटालियन अनुवाद. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आहे फेर्नान्दो कोलोंबो.